पुढची चोरी कुठे? पोलीस ठाण्यातल्याच डेटावरून अंदाज बांधायची रीत, पहिल्या रकान्यापासून

आधीच सांगतो, मी पोलीस नाही. आकडेमोड करणारा माणूस. पण तालुक्याच्या एका ठाण्यात सीसीटीएनएसच्या (गुन्ह्यांच्या नोंदी ठेवायची पोलिसांची कॉम्प्युटर यंत्रणा) खोलीत ऑपरेटरशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून बरेच महिने हेच काम केलंय, आणि त्यात जेवढ्या चुका करता येतात तेवढ्या सगळ्या करून झाल्यात, म्हणून म्हटलं एकदा क्रमवार लिहून काढावं. एसपी ऑफिसला डेटा बघणारा अंमलदार असेल, नुकतंच पोस्टिंग मिळालेला पीएसआय असेल, नाहीतर पोलिसांबरोबर फायनल इयरचा प्रोजेक्ट करणारं इंजिनिअरिंगचं पोरगं असेल, त्यांना कामाला येईल.

सामान फार लागत नाही. एक्सेल, क्यूजीआयएस (नकाशाचं सॉफ्टवेअर, फुकट मिळतं), आणि हद्दीतली गल्ली न् गल्ली माहीत असलेला एक जुना बीट अंमलदार (हद्दीतला ठरावीक भाग सांभाळणारा पोलीस). हा तिसरा मिळत नसेल तर पहिली दोन उघडूच नका, मस्करी नाही करत.

अंदाज म्हणजे काय मिळणार आणि काय नाही

लोकांना वाटतं कॉम्प्युटर सांगणार, मंगळवारी रात्री अडीचला अमुक बंगला फुटणार. असलं काही नसतं. मिळतं ते एवढंच, की अख्ख्या हद्दीपैकी हा तीन-चार टक्के भाग असा आहे जिथे पुढच्या आठवड्यात घरफोडी व्हायची शक्यता बाकीच्या भागापेक्षा पाच-सात पट जास्त आहे. आणि हे जमतं कारण गुन्हे सगळीकडे सारखे पसरत नाहीत, ते एका जागी गोळा होतात. अमेरिकेत मिनियापोलिसमध्ये लॉरेन्स शर्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोलिसांना येणारे वर्षभराचे कॉल तपासले होते, १९८९ ला ते छापून आलं, तेव्हा निम्मे कॉल जेमतेम ३ टक्के पत्त्यांवरून आलेले निघाले. हे तुमच्या ठाण्यातल्या कुठल्याही हवालदाराला तोंडी माहीत असतं, फक्त तो त्याला टक्केवारी लावत नाही.

महागडं सॉफ्टवेअर घेतलं म्हणजे जास्त कळतं असंही नाही. प्रेडपोल नावाचं अमेरिकन सॉफ्टवेअर खूप गाजलं, साधारण दीडशे मीटरचे चौकोन काढून द्यायचं रोज. कंपनीचं नाव नंतर जिओलिटिका झालं. न्यू जर्सीतल्या प्लेनफिल्ड शहरासाठी त्याने २०१८ मध्ये दिलेले २३,६३१ अंदाज पत्रकारांनी नंतर पोलिसांच्या नोंदींशी ताडून बघितले, तर जुळले ते १०० पेक्षाही कमी, म्हणजे अर्धा टक्कासुद्धा नाही. ज्या सांताक्रूझमध्ये २०११ ला याची सुरुवातीची चाचणी झाली त्याच शहराने २०२० मध्ये असल्या सॉफ्टवेअरवर बंदी घातली. आपल्याकडे २०२४ मध्ये पोलिसांना एआय पुरवायला मार्वल नावाची सरकारी कंपनी नागपुरात उभी राहिलीय, तेव्हा ठाण्यापर्यंत असली सॉफ्टवेअरं आज ना उद्या येणारच. ती आली की विकणाऱ्याला चार नेमके प्रश्न विचारता यावेत, एवढ्यासाठी तरी हे एकदा हाताने करून बघा.

पायरी १: एकच गुन्हा धरा

पहिली चूक इथेच होते. साहेब म्हणतात हद्दीतले सगळे गुन्हे नकाशावर टाका. टाकू नका. दुचाकी चोरी दवाखान्याबाहेर होते, घरफोडी बंद घरात होते, चेन स्नॅचिंग सकाळी फिरायला निघालेल्या बाईच्या मागून मोटारसायकल येते तिथे होतं. तिन्ही एकत्र केले की नकाशावर नुसती बाजारपेठ लाल दिसते आणि ते सांगायला कोणाला नकाशा लागत नाही. घरफोडी घ्या किंवा दुचाकी चोरी घ्या. ग्रामीण ठाणं असेल तर शेतीपंपाच्या मोटारी आणि केबल चोरी हाही चांगला विषय आहे, त्याला हंगाम असतो.

काय घेऊ नये ते जास्त महत्त्वाचं. दारूबंदी, जुगार, गांजा, हे गुन्हे फिर्यादी येऊन सांगत नाही, पोलीस रेड टाकतात तेव्हा दाखल होतात. म्हणजे दारूबंदीच्या केसेसचा नकाशा हा दारू कुठे विकतात याचा नकाशा नसतोच, पोलीस कुठे गेले याचा असतो. त्यावर अंदाज बांधला की मॉडेल सांगणार तिथेच जा, तुम्ही तिथेच जाणार, अजून चार केसेस होणार, मॉडेल म्हणणार बघा मी सांगितलं होतं ना. २०१६ मध्ये लम आणि आयझॅक या दोघांनी कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या अमली पदार्थांच्या नोंदी प्रेडपोलच्या पद्धतीत घालून बघितल्या होत्या आणि नेमकं हेच दाखवून दिलं, अंदाज पुन्हा पुन्हा त्याच गरीब, कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांकडे बोट दाखवत राहिला, प्रत्यक्षात नशा करणारे शहरभर असून. घरफोडी आणि वाहन चोरीत हा धोका कमी, कारण गाडी गेली की माणूस इन्शुरन्ससाठी तरी ठाण्यात येतोच.

खून, बलात्कार, घरगुती मारहाण यांनाही या पद्धतीने हात लावू नका. संख्या कमी आणि कारणं वेगळी. जागेचा त्यात फारसा संबंध नसतो.

पायरी २: डेटा काढा, आणि नावं आधी उडवा

कमीत कमी तीन वर्षांचा डेटा हवा. काढताना कलमाने फिल्टर लावणार असाल तर १ जुलै २०२४ लक्षात ठेवा. त्या दिवसापासून आयपीसी जाऊन भारतीय न्याय संहिता आली, आणि मी पहिल्यांदा फिल्टर लावला तेव्हा नुसता ३७९ टाकला होता, तर जुलैनंतर दुचाकी चोऱ्या एकदम शून्यावर आलेल्या दिसल्या. पाच मिनिटं मला वाटलं पोलिसांनी कमालच केली. साधी चोरी ३७९ ची झाली ३०३(२), घरातली चोरी ३८० ची ३०५, दिवसाची घरफोडी ४५४ ची ३३१(३), रात्रीची ४५७ ची ३३१(४). चेन स्नॅचिंगचं जरा अवघड आहे, पूर्वी बहुतेक ३९२ खाली जायचं, आता झपटमारीचं वेगळं कलम ३०४ आलंय आणि काही गुन्हे ३०९ ला जातात, त्यामुळे तिथे कलमावर विसंबू नका, हकीकत वाचूनच वेगळे करा. एक छोटा तक्ता बनवा, जुनं कलम, नवीन कलम, आणि तुमचा स्वतःचा शब्द, आणि पुढे सगळीकडे तो तुमचा शब्दच वापरा.

रकाने एवढेच ठेवा: गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर), गुन्ह्याचा प्रकार, घ.ता.वेळ (गुन्हा घडल्याची तारीख-वेळ) पासून, घ.ता.वेळ पर्यंत, दाखल ता.वेळ, ठिकाण, अक्षांश, रेखांश, काय गेलं, कसं केलं (कडीकोयंडा तोडून, खिडकीचे गज कापून, उघड्या दारातून). फिर्यादीचं नाव, मोबाईल नंबर, आरोपीचं नाव, जात, गाव, हे सगळं कॉपी करायच्या आधीच उडवा. जागेचा अंदाज बांधायला नाव लागत नाही, आणि ती फाइल पेनड्राइव्हवरून कुठे कुठे फिरेल याची खात्री तुम्ही देऊ शकत नाही.

आणि जे दाखलच झालं नाही त्याचं काय, हेही विचारून घ्या. मोबाईल चोरी बऱ्याचदा 'गहाळ' म्हणून नोंदली जाते हे उघड गुपित आहे. सुप्रीम कोर्टाने ललिता कुमारी प्रकरणात २०१३ लाच सांगितलंय की दखलपात्र गुन्हा असेल तर एफआयआर घ्यायलाच लागतो, पण प्रत्यक्षात आकडे वाढू नयेत म्हणून टाळाटाळ चालते तिथे तुमचा अंदाजही तेवढाच आंधळा होणार. ११२ ला आलेल्या कॉलची यादी मिळाली तर शेजारी ठेवून बघा. एका भागातून कॉल भरपूर आणि गुन्हे शून्य दिसले तर आपण शांत भाग सापडला म्हणून खूश व्हायचं नाही, आधी चौकशी करायची.

पायरी ३: वेळ दुरुस्त करा

इथे वेळ काढा, कारण सगळा खेळ इथे आहे आणि कुठलंही सॉफ्टवेअर हे तुमच्यासाठी करत नाही.

एफआयआरच्या छापील नमुन्यात ३ नंबरला तारीख पासून, तारीख पर्यंत, वेळ पासून, वेळ पर्यंत असे वेगळे रकाने आहेत. मुद्दाम ठेवलेत. पण एंट्री करताना घाईत दोन्हीकडे एकच वेळ टाकली जाते, बऱ्याचदा फिर्यादीला चोरी समजली ती वेळ. कुटुंब गणपतीला गावी गेलं, पाच दिवसांनी सकाळी आठला परत आलं, कुलूप तुटलेलं, आणि रेकॉर्डला घरफोडी सकाळी आठची! त्यामुळे पहिलं काम म्हणजे शेवटच्या सहा महिन्यांतल्या एफआयआर काढून हकीकत वाचायची आणि पासून-पर्यंत हाताने भरायचं. कंटाळवाणं आहे. शंभर एफआयआरला मला दोन दिवस लागले.

दुसरी चूक दाखल तारीख वापरायची. दुचाकीवाला आधी दोन दिवस स्वतः शोधतो, मित्राने नेली का विचारतो, मग येतो. दाखल तारखेवर पिव्हट टेबल (एक्सेलमधला मोजणीचा तक्ता) लावलं तर सोमवारी चोऱ्या जास्त असं निघेल, पण सोमवारी चोर नाही, फिर्यादी जास्त येतात.

तिसरी चूक मी स्वतः केलेली, आणि ती हुशारीच्या नादात. पासून-पर्यंतच्या बरोबर मधली वेळ घेतली. रात्री १० ला झोपले, सकाळी ६ ला उठले, मधली वेळ २. अशा वीस घरफोड्या असतील तर सगळ्या रात्री दोनला झाल्या असा झकास आलेख तयार होतो आणि मग साहेब रात्री दोनची गस्त वाढवतात. आलेख माझ्या भागाकाराने बनवलेला, चोराचा त्यात काही हात नाही.

बरोबर पद्धत अशी की एक गुन्हा म्हणजे एक रुपया समजा आणि तो रुपया शक्य तेवढ्या तासांत सारखा वाटून टाका. याला एओरिस्टिक पद्धत म्हणतात. रात्री १० ते सकाळी ६ म्हणजे ८ तास, प्रत्येक तासाला ०.१२५. दुसरी घरफोडी सकाळी १० ते दुपारी १ मध्ये, बाई शाळेत पोराला आणायला गेली तेवढ्यात, ३ तास, प्रत्येकी ०.३३. आणि चार दिवस बंद असलेलं घर म्हणजे ९६ तास, प्रत्येक तासाला ०.०१, म्हणजे त्या केसमधून वेळेबद्दल काहीच कळत नाही आणि तसंच दिसायला पाहिजे. एक्सेलमध्ये २४ रकाने करा, प्रत्येक गुन्ह्याची ओळ, खाली बेरीज. माझ्याकडे हे केल्यावर रात्री दोनचा डोंगर सपाट झाला आणि दुपारी ११ ते ४ मध्ये एक उंचवटा वर आला जो आधी कोणाला दिसलाच नव्हता, नोकरी करणाऱ्या जोडप्यांचे फ्लॅट. रात्रगस्त जोरात आणि दुपारी सगळे बंदोबस्ताला नाहीतर कोर्टात.

पायरी ४: जागा दुरुस्त करा

पहिला नकाशा मी मोठ्या उत्साहाने ठाण्यात प्रोजेक्टरवर लावला. सगळ्यात लाल ठिपका बरोबर पोलीस ठाण्यावर. एक हवालदार मामा शांतपणे म्हणाले, "सर, म्हणजे सगळ्यात जास्त चोऱ्या आपल्याच अंगणात होतात की." झालं असं होतं की ज्या एफआयआरला जागा नीट भरली नव्हती तिथे आपोआप ठाण्याचेच अक्षांश-रेखांश बसले होते. तेव्हापासून सवयच लावून घेतलीय, पहिलं काम म्हणजे एकाच बिंदूवर पाचपेक्षा जास्त गुन्हे दिसले की त्या ओळी उघडून बघायच्या.

अक्षांश-रेखांश उलटे टाकणं हीसुद्धा नेहमीची भानगड. पुणे साधारण १८.५२ आणि ७३.८५ ला आहे, ते उलटे पडले तर तुमची घरफोडी थेट नॉर्वेच्याही उत्तरेला समुद्रात जाऊन पडते. नकाशा पूर्ण लहान करून एकदा जगभर बघा, भटकलेले ठिपके लगेच सापडतात.

बाकी पत्त्यांचं काय, तर 'एसटी स्टँडजवळ', 'पाण्याच्या टाकीच्या मागे', 'ठाण्यापासून पूर्वेस २ कि.मी.' एवढंच असतं. गुगलला हे कळत नाही, बीट अंमलदाराला कळतं. हद्दीतल्या शे-दीडशे खुणेच्या जागांची यादी करा, शाळा, देवळं, दवाखाने, दारूची दुकानं, बंद पडलेली मिल, चौक, आणि त्याच्याकडून प्रत्येकाचं लोकेशन मोबाईलवर घ्या. एक दिवस त्याच्या मागे गाडीवर बसून फिरा, चहाचे पैसे तुम्ही द्या. नवीन गुन्ह्यांसाठी तर पंचनाम्याला गेलेल्यानेच घटनास्थळावर उभं राहून लोकेशन घेतलं की विषय संपला.

पायरी ५: मॉडेलच्या आधी डोळे वापरा

वार आणि तास यांचं पिव्हट टेबल करा. आठवडी बाजाराचा वार सहज दिसेल. मग महिने बघा, आणि इथे पंचांग जवळ ठेवा. आपले सण तिथीने येतात, इंग्रजी तारखेने नाही. लक्ष्मीपूजन २०२३ ला १२ नोव्हेंबरला होतं, २०२४ ला १ नोव्हेंबरला, २०२५ ला २१ ऑक्टोबरला. ऑक्टोबर २०२४ आणि ऑक्टोबर २०२५ ची घरफोडी शेजारी ठेवून 'वाढ' झाली म्हणाल तर ती दिवाळी सरकल्याची वाढ असू शकते, लोक कुलूप लावून गावी गेले ते दिवस पुढच्या महिन्यातून या महिन्यात आले. तुलना करायची तर लक्ष्मीपूजनाच्या आधीचे दहा दिवस आणि नंतरचे दहा दिवस असे तुकडे करून करा. वारीच्या मार्गावरच्या ठाण्यांनाही तेच, तिथे आषाढीच्या मागेपुढे मोजायचं.

संख्या छोट्या असतील तर स्वतःला आवरा. महिन्याला सरासरी ४ घरफोड्या असलेल्या ठाण्यात एखाद्या महिन्यात १ आणि एखाद्यात ७ हे नुसत्या योगायोगानेही होतं. ७ झाल्या म्हणून टोळी उतरली असं नाही आणि १ झाली म्हणून सत्कार घ्यायचं कारण नाही. वर्षाला पन्नाससुद्धा गुन्हे नसतील तर ठाण्याच्या पातळीवर अंदाज बांधायच्या फंदात पडू नका, उपविभागाचा डेटा एकत्र करा.

पायरी ६: चौकोन आणि गुण

क्यूजीआयएसमध्ये हद्दीवर २०० मीटर बाय २०० मीटरची जाळी टाका. हद्द २० चौरस किलोमीटर असेल तर ५०० चौकोन होतात. प्रत्येक गुन्हा ज्या चौकोनात पडतो तो नंबर त्याला द्या.

आता प्रत्येक चौकोनाला गुण. कालचा गुन्हा जास्त मोलाचा, वर्षापूर्वीचा कमी. सोपा नियम असा की दर ३० दिवसांनी गुन्ह्याचं वजन निम्मं करायचं. आजचा १, तीस दिवसांपूर्वीचा ०.५, नव्वद दिवसांपूर्वीचा ०.१२५. एक्सेलमध्ये ०.५ चा घात घ्या, घातांक म्हणजे झालेले दिवस भागिले ३०. एखाद्या चौकोनात ५, ३० आणि ९० दिवसांपूर्वी गुन्हे झालेत तर ०.८९ + ०.५ + ०.१२५, म्हणजे साधारण १.५२. शेजारच्या आठ चौकोनांचे गुण निम्मे करून यात मिळवा, कारण चोर आपली रेघ बघून थांबत नाही. मग तीन वर्षांत त्या चौकोनात एकूण किती झाले त्याचाही थोडा हिस्सा घाला, कारण काही जागा कायमच्याच तापलेल्या असतात. किती हिस्सा घालायचा ते आधी ठरवू नका, पायरी ८ मध्ये तपासून ठरवा.

वरचे १५ चौकोन निवडा. ५०० पैकी १५ म्हणजे ३ टक्के. जास्त निवडायचा मोह होतो, पण तेवढी माणसं कुठायत?

पायरी ७: घरफोडी असेल तर शेजारचं घर

घरफोडीबद्दल एक गोष्ट बऱ्याच देशांत पुन्हा पुन्हा दिसलीय. एक घर फुटलं की त्याच्या आसपास काही दिवस धोका वाढतो. इंग्लंडमध्ये मर्सीसाइडच्या नोंदींवर शेन जॉन्सन आणि केट बॉवर्स यांनी २००४ च्या सुमारास दाखवलं की ३००-४०० मीटरच्या आत महिना-दोन महिने हा परिणाम टिकतो. कारण साधं आहे, चोराने गल्ली बघून ठेवलेली असते, घरांची रचना सारखी, कुठलं कुत्रं भुंकतं तेही माहीत. तुमच्याकडे हे लागू आहे का ते तपासायला प्रत्येक घरफोडीनंतर ३०० मीटरच्या आत १४ दिवसांत दुसरी झाली का ते मोजा, मग तारखा आपापसात बिनक्रम मिसळून तेच परत मोजा. खऱ्या तारखांचा आकडा मिसळलेल्यापेक्षा ठळक मोठा आला तर परिणाम आहे.

असेल तर याचा उपयोग सगळ्यात स्वस्त. पंचनामा आटोपला की त्याच दिवशी गल्लीतल्या वीस-पंचवीस घरांची बेल वाजवायची, काय झालं, कसं झालं, मागची खिडकी बघून घ्या, बाहेरगावी जाणार असाल तर शेजारी आणि बीट मार्शलला (मोटारसायकलवरचा गस्तीचा पोलीस) सांगा. यासाठी मॉडेल लागत नाही, नकाशाही नाही.

पायरी ८: आधी जुन्या काळावर परीक्षा घ्या

गस्त लावायच्या आधी हे करा. समजा डेटा डिसेंबरपर्यंतचा आहे. जूनपर्यंतचाच वापरून जुलैचे १५ चौकोन काढा आणि जुलैत खरं काय झालं ते मोजा. मग जुलैपर्यंतचा घेऊन ऑगस्टचे. असे सहा महिने.

मोजायचं माप सोपं आहे: किती टक्के गुन्हे पकडले, भागिले किती टक्के जागा घेतली. महिन्यात ४० दुचाकी चोऱ्या, त्यातल्या १० तुमच्या चौकोनांत, म्हणजे २५ टक्के गुन्हे ३ टक्के जागेत, २५ भागिले ३, साधारण ८.३. डोळे मिटून चौकोन निवडले तर उत्तर १ च्या आसपास येतं. विकायला आलेला 'आमची अचूकता ९० टक्के' म्हणाला की त्याला विचारा, किती जागा व्यापून? अख्खी हद्द रंगवली तर शंभर टक्के गुन्हे पकडता येतात.

आणि दुसरी परीक्षा जास्त कडक. मॉडेल बाजूला ठेवा आणि नुसते मागच्या बारा महिन्यांत सगळ्यात जास्त गुन्हे झालेले १५ चौकोन घ्या. तिसरी, बीट अंमलदाराला कोरा नकाशा देऊन त्याच्या मते तापलेल्या १५ चौकोनांवर खुणा करायला लावा. माझं पहिलं मॉडेल साध्या मोजणीच्या बरोबरीत सुटलं आणि अंमलदाराच्या नकाशापुढे हरलं. जिंकलं ते माझं तिसरं मॉडेल, ज्यात त्याने सांगितलेल्या जागाही घातल्या होत्या. हरलात तर साधी मोजणी वापरा, त्यात कमीपणा नाही.

पायरी ९: चौकोनात जाऊन करायचं काय

नकाशा भिंतीवर लावला म्हणजे काम झालं असं बऱ्याच ठिकाणी असतं. गस्तीवाला त्या जागी लावलेला क्यूआर कोड गाडीतूनच स्कॅन करून पुढे जातो, रजिस्टर भरतं, गुन्हे तसेच. क्रिस्टोफर कोपर यांनी १९९५ मध्ये मिनियापोलिसच्या नोंदींवरून मांडलं होतं की एका जागी १० ते १५ मिनिटं थांबलं तर गेल्यानंतरही परिणाम टिकतो, त्यापेक्षा जास्त थांबून फार फायदा नाही. म्हणजे एक बीट मार्शलची जोडी, चार चौकोन, प्रत्येकी १५ मिनिटं, दोन तासांत एक फेरी, क्रम रोज बदलून. उतरायचं, चालायचं, दुकानदाराशी दोन शब्द बोलायचे.

गस्तीपेक्षाही जागा दुरुस्त होते का बघा. माझ्या यादीत सतत वर येणारा एक चौकोन स्टँडच्या मागचा होता. अंमलदाराबरोबर जाऊन बघितलं तर पलीकडच्या दवाखान्यात येणारे नातेवाईक तिथे भिंतीकडेला गाड्या लावतात, खांबावरचा दिवा बंद, आणि मोजल्या तर अकरापैकी सात गाड्यांना हँडल लॉकच नव्हतं, घाईत आलेली माणसं. नगरपालिकेला दिव्याचं पत्र, दवाखान्याच्या वॉचमनला सांगून गाड्या आत घेणं, गेटवर 'हँडल लॉक लावा' चा मोठा बोर्ड. दिवा लागायला तीन महिने गेले, ती वेगळीच रडकथा.

पायरी १०: फरक पडला का

यात स्वतःला फसवणं फार सोपं. तुम्ही सगळ्यात तापलेले चौकोन निवडले, ते काही न करताही थोडे थंड होणारच होते. म्हणून वरचे २० चौकोन काढा, जवळपास सारख्या गुणांच्या दहा जोड्या लावा, प्रत्येक जोडीत नाणं उडवून एकात जादा गस्त आणि दुसऱ्यात नेहमीसारखंच. तीन-चार महिन्यांनी दोन्ही गट शेजारी ठेवा. साहेबांना हे पटवणं अवघड जातं, "मग त्या दहा ठिकाणी चोऱ्या होऊ द्यायच्या का?" असं विचारतात. नेहमीची गस्त तिथे चालूच आहे आणि माणसं तशीही सगळीकडे पुरत नाहीत, हे उत्तर.

चोऱ्या नुसत्या पलीकडच्या गल्लीत सरकल्या का, तेही आजूबाजूचे चौकोन मोजून बघा. दरवेळी सरकतातच असं नाही, जर्सी सिटीत डेव्हिड वाइसबर्ड यांच्या गटाने गुन्हे असे सरकतात का ते तपासून २००६ मध्ये छापलं तेव्हा शेजारच्या भागातही सुधारणाच दिसली होती.

माणसांची यादी करू नका

हे पायरीत बसत नाही पण कोणीतरी हमखास म्हणणार, जागेचं ठीक आहे, आता कोण चोरी करणार त्याचीही यादी काढून द्या. शिकागोने अशी यादी केली होती, गोळीबारात कोण सापडेल याची, माणसागणिक गुण देऊन. २०१६ मध्ये तिची तपासणी झाली तेव्हा यादीतल्या लोकांचा जीव काही जास्त वाचला नव्हता, उलट गोळीबार झाला की अटक मात्र त्यांनाच जास्त. २०१९ मध्ये ती गुंडाळली.

आपल्याला तर शिकागोला जायचीही गरज नाही. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा म्हणजे अख्ख्या जमातींची अशीच यादी होती, जन्मापासून संशयित, हजेरी लावायची, सोलापुरात तारेच्या कुंपणाआड सेटलमेंट. ३१ ऑगस्ट १९५२ ला त्या जमाती विमुक्त झाल्या, पण घरफोडी झाली की आधी पारध्यांच्या पालावर जायची सवय किती ठिकाणी सुटली ते ठाण्यात बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. तिथून उचललेल्यांच्या नोंदी डेटात गेल्या, डेटावरून मॉडेल झालं, तर मॉडेल तीच सवय आकड्यांच्या भाषेत परत करणार, आणि तेव्हा ती वरून 'वैज्ञानिक' असणार. सुप्रीम कोर्टानेही ७ मे २०२४ च्या हिस्ट्रीशीटच्या (पोलिसांनी माणसागणिक ठेवलेली गुन्हेगारीची नोंद) निकालात राज्यांना बजावलंय की मागास, वंचित समाजातल्या निरपराध माणसांच्या यांत्रिकपणे नोंदी होऊ नयेत. म्हणून पायरी २ मध्ये नाव आणि जातीचे रकाने उडवायला सांगितले. चौकोनात उभं असणं हे कोणाला अडवायचं कारण होऊ शकत नाही, हे गस्तीवाल्यांच्या ब्रीफिंगमध्ये स्पष्ट बोलायचं.

दर सोमवारी

सगळं बसलं की आठवड्याचं काम दीड-दोन तासांचं उरतं. सकाळी मागच्या आठवड्याचे गुन्हे भरा, वेळ-जागा तपासा, गुण परत काढा, १५ चौकोनांचा एक ए-४ कागद छापा, प्रत्येकापुढे तास आणि एक ओळ, म्हणजे 'दवाखान्याची भिंत, दुपारी ११ ते २, हँडल लॉक बघा' एवढंच. कागदाच्या मागच्या बाजूला गेल्या आठवड्याचा हिशोब: किती चौकोनांत किती झाले, बाहेर किती, गस्त खरोखर किती वेळा गेली. मग तो कागद बीट अंमलदारांपुढे ठेवा आणि पेन द्या. ते दोन-तीन चौकोन खोडणार, "इथला पोरगा आत गेलाय, आता काही होत नाही", आणि दोन नवीन टाकणार. खोडू द्या. तो खोडाखोडीचा कागद मात्र फेकायचा नाही, तारीख टाकून फाइलला लावायचा, आणि पुढच्या सोमवारी त्यांनी खोडलेल्या आणि टाकलेल्या चौकोनांत काय झालं ते आधी बघायचं.